सभामंडपातली सभा



2023 सालचा श्रावण वारकरी मंडळींच्या चांगला ध्यानात असेल. अधिक मास धरून तो दोन महिन्यांचा झाला, आणि आभाळ मात्र बहुतेक कोरडेच राहिले. त्या दिवसांत सप्ताहाच्या निमित्ताने आमचे देवळाली प्रवरा येथे जाणे झाले. राहुरी तालुक्यातले हे मोठे गाव. नगरपरिषद आहे, राहुरी फॅक्टरीची वस्ती तिच्याच हद्दीत येते. पण बोलण्याचालण्याने गाव अजून शेतकऱ्याचेच. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि ह्या बाजूचा बाजरी पेरणारा कुणबी उसाच्या सऱ्या पाडू लागला. ज्या नदीच्या काठी, खाली नेवाशाला, माऊलींनी शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली तीच ही प्रवरा.

सकाळचा काकडा आटोपून आम्ही मंडपात चहा घेत बसलो होतो. एक वृद्ध माळकरी जवळ येऊन बसले. तीस वर्षांची पायी वारी, हात राठ, बोलणे कमी. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "महाराज, येत्या रविवारी इथंच, ह्याच मंडपात पाण्याची मीटिंग हाय. कृती समिती काढायचीय. पोरं म्हणत्यात, बाबा, तुम्ही अध्यक्ष व्हा, तुमच्या गळ्यात माळ हाय, तुमचा शब्द कोणी मोडायचं नाही. आन् आमचे दिंडीतले जोडीदार म्हणत्यात, माळकऱ्यानं असल्या भानगडीत पडू नये, नामाला बाध येतो. आता टाळ धरू का माइक धरू, तुम्ही सांगा."

आम्ही झटकन सांगितले, "जा माऊली, खुशाल जा. संतांनी काय डोळे मिटून बसायला सांगितले आहे काय?" ते "बरं" म्हणाले, पायावर डोके ठेवून गेले. परतीच्या गाडीत मात्र ते उत्तर आम्हांसच टोचू लागले. उत्तर चूक होते असे नव्हे. पण फार स्वस्तात दिले होते. सभा कसली, कोणासाठी, तेथे बसून काय मागावयाचे, ह्यांतले काहीच आम्ही विचारले नव्हते. तेव्हा जे राहून गेले त्याचा विचार आज वाचकांच्या साक्षीने करावा म्हणून हा लेख.

प्रथम त्या जोडीदारांची बाजू घेऊ. तिला उडवून लावण्यात अर्थ नाही. सभा, समित्या, मोर्चे ह्यांत पडलेल्या माळकऱ्याचे काय होते हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आज पाण्यासाठी बोलाविले, उद्या त्याच मंडपावर कोणा उमेदवाराचा फलक लागतो. दिंडीला तांदूळ देणारा दाता पुढल्या वर्षी दिंडीच्या पुढे चालताना दिसतो, फोटोसकट. गावात आधीच दोन गट. समिती निघाली की तिसरा होतो, आणि ज्यांनी एकमेकांच्या पाया पडावयाचे ते एकमेकांच्या दारावरून जाईनासे होतात. आमचेच सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावी दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून सभा होती, तिला आम्ही गेलो. बायामाणसे रडून रडून सांगत होती. आम्ही तासभर बोललो, टाळ्या झाल्या, हार पडला. त्या रात्री हरिपाठाला बसलो तो चित्तात टाळ्याच वाजत होत्या. त्या बायांपैकी एकीचेही नाव आम्हांस दुसऱ्या दिवशी आठवले नाही. ते दुकान पुढे बंद झाले की नाही ह्याची चौकशीही आम्ही केली नाही! तेव्हा नामाला बाध येतो हे म्हणणे खोटे नाही. तो सभेमुळे येतो की आपल्यामुळे, एवढाच प्रश्न.

आणि दुसरी बाजू तर आपल्या देवळाच्या बांधणीतच आहे. देव बसतो तो गाभारा. आणि आपण उभे राहतो, कीर्तन करतो, पंगत मांडतो तो सभामंडप. जुन्या माणसांनी देवापुढच्या जागेला नाव दिले ते सभेचे. तेथे गावाचा न्यायनिवाडा व्हायचा, यात्रेची वर्गणी ठरायची, दुष्काळात कोणाच्या घरी चूल पेटली नाही ह्याची विचारपूस व्हायची. आजही सप्ताह घालावयाचा तर सभेवाचून चालते काय? वाढपी कोण, जळण कोणाचे, कोणत्या गल्लीच्या किती भाकरी, हे सारे बसूनच ठरते. सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात आमटी-भाकरीची पंगत ज्यांनी पाहिली असेल त्यांना सांगावयास नको की एवढा पसारा मुकाट्याने उभा राहत नाही. म्हणजे सभेचे आपल्याला वावडे नाही. देवाच्या कामाची सभा चालते. माणसाच्या कामाची म्हटली की आपल्याला बाध आठवतो. हे विचित्रच.

संप्रदायाच्या अंगणात घडलेली ह्या जातीची सर्वांत मोठी गोष्ट 1947 सालची. तिचा उल्लेख आपण अजूनही जरा चाचरतच करतो. चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वारासमोर. पहिली पायरी नामदेवरायांची, आणि तिच्यासमोर चोखोबा. त्यांना नमस्कार करून आपण आत जात होतो, आणि चोखोबांच्या जातीच्या माणसाला मात्र तेथूनच परत फिरावे लागत होते. शेकडो वर्षे आपण हे पाहिले. डोळ्यांना सवय झाली. साने गुरुजींना ती झाली नाही. त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढला, गावोगाव सभा घेतल्या. बरोबर सेनापती बापट होते, आपल्याच जिल्ह्यातल्या पारनेरचे, आणि सेवादलाची गाणारी पोरे होती. त्या सभांतून विहिरी खुल्या झाल्या, कित्येक गावची देवळे खुली झाली. पंढरपूरचे राहिले. तेव्हा 1 मे 1947 रोजी गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभिले. त्यांना जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, आणि 10 मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य होऊन उपोषण सुटले. त्या दिवसांत गुरुजींना शिव्याशाप देणारेही गळ्यात माळ घालणारेच होते आणि मठाचे दार उघडणारेही गळ्यात माळ घालणारेच होते, हे विसरता येत नाही. आपण त्या वेळी असतो तर कोणत्या बाजूला असतो? आम्ही हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला आहे, आणि उत्तर दर वेळी आमच्या मनासारखे आलेले नाही.

पण त्या सभांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्या. त्या सभांना बसलेल्या पुष्कळांना स्वतःसाठी काहीच नको होते. गुरुजींना कोणी दाराशी अडविले नव्हते. जे आत जाऊ शकत होते त्यांनी बाहेर राहिलेल्यासाठी मागावे, अशा त्या सभा होत्या. मागणारा एक, मिळणार दुसऱ्याला. आपण पुरोगामी हा शब्द हल्ली फार वापरतो. त्याचा साधा अर्थ पुढे चालणारा. परंतु दिंडीत पुढे चालणाऱ्याला मागल्याची चाल धरावी लागते. तो एकटाच सुटला तर त्याला कोणी वारकरी म्हणत नाहीत, वाटसरू म्हणतात.

आता देवळालीच्या रविवारच्या सभेकडे वळू. येथे गाठ अवघड आहे, आणि म्हणूनच आमचे "जा" हे उत्तर अपुरे होते. ती सभा कशासाठी होती? पाऊस नाही, धरणांत पाणी बेताचे, आणि खाली जायकवाडीला पाणी सोडावे लागणार अशी कुणकुण. सभेची मागणी, आधी आमची आवर्तने, मग खालच्याचे पाहा. ह्या मागणीत अन्याय आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ज्याने सात नंबरचा अर्ज भरून पाणी मागितले, कर्ज काढून लावण केली, त्याचा ऊस डोळ्यांदेखत वाळत असेल तर त्याला वैराग्य सांगणारा कीर्तनकार भाकरी कोणाची खातो? त्याचीच. आपल्या सप्ताहाची बिदागी त्याच कालव्याच्या पाण्यावर पिकते.

परंतु जायकवाडी म्हणजे काय हेही पाहा. पैठणचे धरण, त्याच्या जलाशयाचे नाव नाथसागर. आपल्या प्रवरेचे पाणी टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि पुढे त्याच सागरात जाते. ज्या नाथांनी काशीहून रामेश्वराला न्यावयाची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिती केली, असे आपण शंभर वेळा कीर्तनातून सांगतो आणि श्रोत्यांचे डोळे पुसवतो, त्यांच्याच नावाचे ते पाणी. त्यावर संभाजीनगर आणि जालना ही शहरे पितात, मराठवाड्यातली शेते भिजतात. पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे असा कायदा राज्याने 2005 साली केला. मेंढेगिरी समितीने 2013 साली हिशेब मांडून दिला, आणि 2014 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश काढला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांनी ठरल्या प्रमाणात पाणी सोडावे. आकड्यांविषयीचा वाद पुढेही चालू राहिला. त्यात आम्ही शिरत नाही, तो जाणत्यांचा विषय. आमचा प्रश्न साधा आहे. सभामंडपातल्या त्या सभेत वरचे सगळे असतात. पैठणचा कोणीच नसतो.

गंमत अशी की एरवी तो असतो. सरला बेट गोदावरीच्या पात्रातले. अलीकडे श्रीरामपूर तालुका, पलीकडे वैजापूर. सप्ताहाच्या पंगतीत नगरचा आणि मराठवाड्याचा मांडीला मांडी लावून आमटीत भाकरी कुस्करतो. वाळवंटात कोण कोणाच्या पाया पडतो ते गाव विचारून पडत नाही. आणि चार महिन्यांनी पाण्याची सभा भरली की तोच मनुष्य "खालचा" होतो. माऊली म्हणून ज्याच्या पायाला हात लावला तो एकाएकी आपले पाणी पळविणारा! आमच्या मते माळकऱ्याने सभेला जावे की नाही ह्याचे उत्तर येथे दडले आहे. गावातल्या इतरांना तो खालचा मनुष्य अनोळखी असेल. माळकऱ्याला तो अनोळखी नाही, त्याच्या शेजारी तो जेवला आहे. म्हणून त्याने सभेला गेलेच पाहिजे, कारण तेथे न आलेल्याला ओळखणारा बहुधा तोच एक.

ह्यावर कोणी म्हणेल, मग काय शेतकऱ्याने आपला ऊस वाळू द्यावा? असे आम्ही म्हणत नाही. आपले म्हणणे मांडावे, मोजून मांडावे. धरणात किती आले, कालव्यातून किती गेले, वाटेत गळती किती, शेवटच्या चारीपर्यंत किती पोहोचले, हे विचारावे. माहितीचा अधिकार 2005 सालापासून देशभर आहे. तो मिळविण्यासाठी ह्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीहून किती खटपट झाली हे सर्वांना ठाऊक आहे. अर्ज करावा, उत्तर मागावे. फक्त "खालच्याला एक थेंब देणार नाही" अशी घोषणा कोणी देऊ लागला तर माळकऱ्याने त्या घोषणेला हात वर करू नये, आणि का करीत नाही ते उभे राहून सांगावे. हे सांगणे फार जड जाते. परक्या सरकारी माणसापुढे ओरडणे सोपे. आपल्याच चुलत्या-पुतण्यांत उभे राहून "जरा थांबा" म्हणणे ह्याला छाती लागते.

आणि खालचा मनुष्य पैठणलाच असतो असेही नाही. तो आपल्या तालुक्यातही असतो. निळवंड्याचे पाहा. 1970 साली प्रकल्पाला मंजुरी मिळाली, तेव्हाचा अंदाज आठ कोटींच्या आसपास. आणि कालव्यात पहिले चाचणीचे पाणी सुटले ते 31 मे 2023 रोजी. त्रेपन्न वर्षे! अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी ह्या भागांतल्या कोरडवाहू गावांनी एवढी वर्षे सभा घेतल्या, मोर्चे काढले, कोर्टात गेले. पहिल्या सभांना गेलेले कित्येकजण पाणी पाहण्याआधीच वारले. त्यांचे नातू त्या दिवशी कालव्याकाठी ओंजळीने पाणी डोक्याला लावीत होते. आम्ही सभांना कंटाळणाऱ्यांना ही गोष्ट सांगतो. आषाढी दर वर्षी येते, विठ्ठल एका वारीत हाती लागला नाही म्हणून कोणी टाळ मोडीत नाही. मग दोन सभांत रस्ता झाला नाही की आपण "काय उपयोग" म्हणून घरी का बसतो? पण त्या त्रेपन्न वर्षांत भिजलेल्या गावांनी कोरड्या गावांसाठी किती सभा घेतल्या, हाही हिशेब कोणी तरी एकदा मांडावा.

जी सभा भरलीच नाही तिच्याविषयीही लिहिले पाहिजे. 1 जानेवारी 2013 रोजी नेवासे तालुक्यात सोनईजवळ तीन दलित तरुणांची निर्घृण हत्या झाली. जातीच्या अभिमानातून झाली. 2018 च्या जानेवारीत नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरविले. ज्या तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो हा तालुका. त्या आठवड्यात आम्ही काय करीत होतो? आम्हांस पक्के आठवते, एका गावच्या सप्ताहाची कीर्तनकारांची यादी लावीत होतो, आणि काल्याचे कीर्तन कोणाला द्यावे ह्यावर दोन तास वाद चालला होता. कोणी तरी वर्तमानपत्र आणून ठेवले. आम्ही ते पाहिले, हळहळलो आणि बाजूला सारून पुन्हा यादीकडे वळलो. एखाद्याने त्या वेळी म्हटले असते, "अहो, हे राहू द्या, उद्या मंडपात सगळ्या गावाला बोलावू, दलित वस्तीतल्या मंडळींना पुढे बसवू, आणि ह्यावर बोलू," तर आम्ही नाही म्हटले नसते. पण ते म्हणणारा आमच्यात कोणी निघाला नाही, आणि आम्हीही निघालो नाही. भांडण टळले, सप्ताह निर्विघ्न पार पडला. नामाला बाध कशाने येतो ह्याचा विचार करताना आम्हांस त्या दारूबंदीच्या हारापेक्षा हे बाजूला सारलेले वर्तमानपत्र अधिक आठवते.

गाडगेबाबा आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या खराट्याचे कौतुक आपण फार करतो, पण तो कोठे फिरायचा ते पाहत नाही. बाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. वारीला येणाऱ्या अस्पृश्य बांधवांना टेकायला जागा नव्हती, ही गोष्ट लाखो वारकऱ्यांना दिसत होती, त्यांना ती खुपली. अखेर ती वास्तू त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. बाबा सभांचे अध्यक्ष होऊन बसत नसत. त्यांना खुर्ची दिली तर ते खाली बसत. आमच्या त्या माळकऱ्याला अध्यक्षपदाविषयी कोणी विचारले तर हे सांगावे असे वाटते. सभेला जावे, माइक मात्र दुसऱ्याच्या हाती राहू द्यावा.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण आमचे उत्तर अर्धे घेऊन ते गृहस्थ सभेला गेले होते. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस आदेश निघाला, नगर-नाशिकच्या धरणांतून मिळून सुमारे साडेआठ टीएमसी पाणी जायकवाडीला सोडावे म्हणून. दोन्हीकडे आंदोलने झाली. कार्तिकी एकादशी 23 नोव्हेंबरला होती. दशमीच्या दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटात ते आम्हांस अवचित भेटले. आम्ही हात जोडून म्हटले, "माऊली, तेव्हा आम्ही घाईने सांगितले. आमचे चुकले." ते हसले. म्हणाले, "अध्यक्ष काय झालो नाही महाराज. मी एकच म्हणालो, खाली प्यायचं पाणी लागतं, तेवढी एक ओळ ठरावात घाला. पोरं म्हणली, बाबा, तुम्ही कोणाकडून? मग गप बसलो. ओळ काय घातली नाही."

"मग आता सभांना जात नाही?"

"जातो की. मागं बसतो. दर वेळी तेवढंच म्हणतो. आता एक पोरगं म्हणलं, बाबा, पैठणला तुमचं कोण हाय? मी म्हणलो, हाय एक."

एकादशी झाली आणि त्यानंतर लगोलग पाणी सुटले. पाणी नदीने जाते तेव्हा बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, आणि काठच्या मोटारींची वीज तोडतात, म्हणजे वाटेत कोणी उपसू नये. त्यांची पाइपलाइन नदीवरूनच आलेली. चार दिवसांनी आम्ही सहज चौकशीला फोन लावला. पलीकडून पाण्याचा आवाज येत होता. म्हणाले, "लाइट नाही महाराज, मोटार बंद हाय. काठावर बसलोय. पाणी चाललंय." ऊस कसा आहे म्हणून विचारले, तर म्हणाले, "कडंचा जरा पिवळा पडलाय." मग हरिपाठाची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.